प्लस आला का?

टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या इमारतीत कचरा टाकायला खाली गेलं की शेजारीण भेटायची. युक्रेनहून आलेली, चाळिशीची, एकटी. आम्हा दोघींचं जपानी सारखंच मोडकं, त्यामुळे गट्टी चटकन जमली. बाटल्यांच्या कचऱ्याच्या दिवशी लेबलं सोलता सोलता मी विचारायचे, "प्लस आला का?" ती मानेनेच हो किंवा नाही सांगायची आणि आम्ही आपापल्या कामाला लागायचो.

प्लस म्हणजे बेरजेचं चिन्ह. तिचा नवरा भूल देणारा डॉक्टर, फौजेबरोबर एका वेढलेल्या गावात अडकलेला. गावाच्या सगळ्या वाटा बंद, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि दवाखाना एका कारखान्याच्या तळघरात. खाली रेंज नाही. कुणीतरी सगळ्यांचे फोन पिशवीत घालून जीव मुठीत धरून जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत जायचं, तेव्हा कुठे तेवढं एक चिन्ह निघायचं. म्हणजे, मी आहे. ज्या सैनिकांचे हात बँडेजमध्ये, त्यांच्या फोनवर डॉक्टर स्वतः प्लस दाबून ठेवायचा.

क्वचित मोठा निरोप आला तर ती मला सांगायची. सलाइनच्या पिशव्या गोठू नयेत म्हणून डॉक्टर आणि नर्सेस त्या स्वेटरच्या आत, पोटाशी धरून झोपतात. बर्फ वितळवून पाणी करायचं, तेच प्यायचं, त्यातच हत्यारं उकळायची. उबेसाठी दोन-दोन जखमी एका पांघरुणात. एक सैनिक शेजाऱ्याच्या घोरण्यावर सारखा वैतागायचा. घोरणं थांबलं तेव्हा ते सगळ्यांत आधी त्यालाच कळलं. एकदा एक पोरगा इतका गार लागत होता की सगळ्यांनी आशा सोडली, पण तिच्या नवऱ्याने त्याला मिठीत घेऊन झोपवलं आणि सकाळी त्याने पाणी मागितलं. हे ऐकून मी घरी यायचे आणि गरम केलेल्या टॉयलेट सीटवर बसून रडायचे. हसू नका, खरंच रडायचे. वर आपण तिला केवढा आधार देतो, असंही वाटायचं.

संक्रांतीचं हळदीकुंकू मी रविवारी दुपारी ठेवलं. तिला मीच आग्रहाने बोलावलं. तेव्हा बरेच दिवस प्लस आला नव्हता. सकाळीसुद्धा तिने नुसतीच नकारार्थी मान हलवली होती. म्हटलं, एकट्या बसू नका, या.

ती ठेवणीतला निळा ड्रेस घालून आली. आमच्यातल्या सात-आठ जणी, नवऱ्यांच्या कंपन्यांनी इकडे आणलेल्या, काळ्या साड्या नेसून बसल्या होत्या. मी एकेकीला हळदीकुंकू लावत होते आणि ती परीक्षेला बसल्यासारखी बघत होती. तिची पाळी आली तेव्हा तिने कपाळावरचे केस हाताने मागे धरले आणि डोळे मिटले.

माझं बोट कुंकवाच्या करंड्यावर थांबलं.

मनात एवढंच आलं, प्लस आलेला नाही. मग हात आपोआप सरकला आणि मी तिच्या तळहातावर तिळाचा लाडू ठेवला. तिळगूळ घ्या, गोड बोला. वर शंभर येनच्या दुकानातला वाणाचा डबा. तिने डोळे उघडले, पण केस तसेच धरून ठेवले. एकजण उगाच मोठ्याने लाडवाचा पाक कसा केला ते विचारायला लागली. अजूनही लावता आलं असतं. मी पाक सांगत बसले.

माझी मुलगी चौथीत आहे. मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते. तिला वाटलं, काकूंना रीत समजली नाही. शाळेतल्या स्वच्छ जपानीत ती म्हणाली, "ते तुमच्यासाठी नाहीये. ज्यांचा नवरा जिवंत असतो त्यांनाच लावतात." गेल्या वर्षी तिने विचारलं होतं, तेव्हा मीच तिला हे सांगितलं होतं.

"असं का," शेजारीण म्हणाली. केस सोडले, लाडू सगळा खाल्ला, छान झालाय म्हणाली आणि डबा घेऊन गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या आईने बाबा गेल्यावरही कुंकू लावणं सोडलं नाही, आणि ही गोष्ट मी इतकी वर्षं चारचौघांत मिरवत आले. आई तशी, आणि मी ही अशी. तिकडे तो गार पडलेल्या माणसाला जिवंत धरून पोटाशी घेऊन झोपतो. इथे मी हीटरच्या उबेत बसून त्यालाच मारून मोकळी झाले. तेही बायकोच्या तोंडावर, लाडू देऊन.

त्यानंतर मी तिला टाळायला लागले. कचरा नवऱ्याला न्यायला लावला. बाटल्या बाल्कनीत साठल्या.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात ती. तिने फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर एक प्लस, आणि त्याखाली निरोपाच्या दोन ओळी.

"दुसऱ्या कुणीतरी दाबलाय," ती म्हणाली. "नवऱ्याचे हात थंडीने गेलेत. पण तो आहे."

मी माफी मागायला लागले. जपानीत माफीचे शब्द ढीगभर, एकही पुरेना. तिने ते ऐकलं न ऐकलं केलं. कपाळावरचे केस मागे धरले आणि विचारलं, "आता चालेल ना?"

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. मी करंडा आणला. लावताना घाईत कुंकू तिच्या नाकावर सांडलं. ते पुसायला गेले तर तिने माझा हात धरला, राहू दे म्हणाली. दाराजवळच्या आरशात तिने कपाळ नीट पाहिलं. मग इथे नवीन आल्यावर ती जशी कचऱ्याचे नियम विचारायची, कुठला दिवस, कुठली पिशवी, तशाच आवाजात म्हणाली,

"पुढच्या वेळी प्लस आला नाही, तर हे पुसायचं का? किती दिवस थांबायचं असतं?"

माझी मुलगी मागे येऊन उभी राहिली होती. तीही उत्तराची वाट बघत होती.