विमानातला सातवा

सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला किस्से सांग म्हटलं की त्याची पंचाईत होते. किस्से नसतात म्हणून नव्हे, थांबायचं कुठे ते कळत नाही म्हणून. माझ्या बाबतीत निदान एक सोय आहे. सुरुवात कुठूनही झाली तरी गाडी शेवटी विमानाच्या फाइलवर येते. घरची मंडळी तेवढ्यात एकेक करून उठतात. तुम्ही मात्र बसा.

चले जावची धामधूम होऊन वर्ष उलटलं होतं. पूर्व खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची मामलेदार कचेरी. मी नवा कारकून. मॅट्रिक झालेला, म्हणून इंग्रजी कागद माझ्या गळ्यात. आमचे अव्वल कारकून नाना. जगात जे काही घडतं त्याला कचेरीत एक रकाना असतो आणि रकाना नसेल तर ते घडलेलंच नसतं, असा त्यांचा ठाम विश्वास.

श्रावणात डोंगर ढगात बुडालेला असताना एक बाँबर विमान वरच्या गावाच्या शिवारात आपटलं. पोलीस पाटलाचा रिपोर्ट आला, 'एक मोठे यंत्र वरून पडले असून मालकाचा तपास लागत नाही.' नानांनी तो दोनदा वाचला आणि कोंडवाड्याच्या फाइलीला लावून टाकला. मामलेदारसाहेब भडकले. ती फाइल मोकाट गुरांची!

नाना शांतपणे म्हणाले, "साहेब, बेवारस आहे, दुसऱ्याच्या शेतात शिरलंय आणि पिकाचं नुकसान केलंय. आपल्याकडे याला दुसरा रकाना नाही."

विमानाची फाइल शेवटपर्यंत कोंडवाड्याच्या कपाटातच राहिली.

*

हसून झालं की हेही सांगायला हवं. आम्ही चिखल तुडवत वर पोचलो तेव्हा गावकऱ्यांनी सहा जणांना ओळीने झोपवलं होतं. कापड तेव्हा रेशनवर. बायका ठिगळाला ठिगळ जोडून दिवस काढत होत्या. आणि त्या सहाही जणांवर कोरी पांढरी धोतरं, अजून घडीच्या रेघा असलेली.

मी एका बाईंना विचारलं, अक्का, हे कोणाच्या घरचं? त्यांनी एका धोतराकडे बोट दाखवलं. "मना आंडोरना लगीनकरता ठेयेल व्हतं," म्हणाल्या. मुलाच्या लग्नासाठी जपून ठेवलेलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाऊस होता म्हणून खपून गेलं.

*

आता सातव्याची गोष्ट. लष्कराच्या यादीत नावं सात. विमानाच्या शेपटीत बसणारा बंदूकवाला, वय वर्षं वीस, तो नव्हता. शेपटी तुटून अलीकडच्या दरीत पडली होती. तिसऱ्या दिवशी ती सापडली, पण रिकामी. वरूनच उडी मारली, की वाटेत पडला, कोणालाच सांगता येईना.

मामलेदारसाहेबांनी 'सात मयत' असा पंचनामा लिहून घेतला. पंचांनी अंगठे उमटवले. शेवटचे पंच सुपडू आबा. साठीचे, काटक, डोक्याला मळकं मुंडासं. त्यांनी कागद वाचून दाखवायला सांगितला आणि अंगठ्याची शाई धोतराला पुसली.

"मी सहा दखात, साहेब. सातवा मी दखा नही. तो मरना असं मी कसं सांगू?"

साहेबांनी आधी समजावलं, मग दरडावलं, मग चहा पाजला. आबा चहा प्यायले. अंगठा काही दिला नाही. पंच म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार, असं साहेबांनीच सकाळी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, त्यामुळे पुढे बोलायलाही जागा राहिली नव्हती. कागद जळगावला गेला आणि अपूर्ण म्हणून परत आला. अशी आमची फाइल उघडी राहिली.

*

पुढे लष्कराचा हुकूम आला की विमानाचा तुकडा ज्याच्या घरी असेल त्याने जमा करावा. धरणगाव स्टेशनवरून लॉरी घेऊन एक गोरा सार्जंट आला. गावाने तुकडे लपवले असतील, म्हणून तो सोबत दोन बंदूकधारी शिपाई घेऊनच आला होता.

चावडीपुढे रांग लागली. कोणी वाकलेला पत्रा आणला, कोणी डबा, कोणी परातीसारखं काहीतरी. सार्जंट हात घालून बघतो तर प्रत्येकात काही ना काही. डब्यात ज्वारी, पत्र्यावर शेंगा, एका नळीत तर गूळ कोंबलेला! त्याला वाटलं हा काहीतरी घातपात आहे. तो दोन पावलं मागे सरला.

मी त्याला समजावून सांगितलं की आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत.

त्याने एकदा त्या रांगेकडे पाहिलं. मग लॉरीच्या पायरीवर बसून त्याने शेंगा फोडायला सुरुवात केली. नानांनी यादीत 'विमानाचे भाग' यापुढे 'अधिक ज्वारी अंदाजे दोन पायली' असं लिहिलं आणि त्याची सहीसुद्धा घेतली.

*

सोमवार आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. दर सोमवारी सुपडू आबा कचेरीच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि मला एकच विचारायचे, "सातवा उना का?"

आला नाही म्हटलं की मुंडासं सारखं करून बाजारात जायचे. दरीत, नाल्यात, पलीकडच्या पाड्यांवर त्यांनी माणसं धाडली होती. स्वतःही काठी घेऊन फिरत. लाकूडफाट्याला वर जाणाऱ्या प्रत्येकाला ते आधी गोऱ्याची खूण सांगत. त्यांनी या सातव्याला कधी पाहिलं नव्हतं, पण खूण मात्र तपशीलवार असायची.

वर्षभराने मामलेदार बदलले. नव्या साहेबांनी चार सोमवार पाहिलं आणि नानांना विचारलं, या म्हाताऱ्याचं काम काय आहे?

"त्यांचा माणूस हरवलाय," नाना म्हणाले.

नातं काय? साहेबांनी पेन उचललं.

नानांसारखा माणूस, पण त्यालाही क्षणभर रकाना सापडला नाही. "पंच," ते शेवटी म्हणाले.

*

एकदा लष्कराकडून फिरत फिरत एक पत्र आलं. सातव्याच्या आईचं. शोध थांबवला असं तिला कळवण्यात आलं होतं. तिने फार काही विचारलं नव्हतं. तिकडे कोणी त्याला अजून शोधतंय का, एवढंच.

सोमवारी मी ते आबांना मराठीत सांगितलं. ते ओट्यावरून उठून उभे राहिले. "लिखी दे," म्हणाले, "शोधी राह्यनूत."

मी लिहिलं, की शोधतो आहोत. पण असं पत्र आमच्या कचेरीने परस्पर पाठवणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. मी भीत भीत ते नानांपुढे ठेवलं. नानांनी वाचलं. जावक रजिस्टर बंद केलं, पाकीट स्वतःच्या खिशात घातलं आणि दुपारी स्वतः पोस्टात जाऊन आले. जावक नंबर न घालता नानांच्या हातून बाहेर गेलेला हा एकच कागद!

*

सर्वपित्री अमावास्येला वरच्या गावाने त्या सहा जणांसाठीही पानं वाढली. बाजरीची भाकरी, वरण, आणि साहेबलोक म्हणून कोणीतरी पुढ्यात एकेक बिस्कीट ठेवलेलं. गुरव म्हणाला, सात वाढा, एक उपाशी राहील.

आबांनी त्याला तिथेच झापलं. "जित्ता मानूसनं पान कावयासले टाकतस का रे?"

जिवंत माणसाचं पान कावळ्यांना कसं घालायचं! सहाच वाढली गेली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही.

*

लढाई संपली. त्यानंतरच्या हिवाळ्यात मेलेल्या सैनिकांची नोंद करत फिरणारा एक इंग्रज अधिकारी आमच्याकडे आला. उंच, थकलेला माणूस. असे किती डोंगर त्याने पालथे घातले असतील कोण जाणे. त्याच्याकडे टाइप केलेला कागद होता. सातवा मयत समजण्यात यावा, आणि खाली राहिलेल्या पंचाचा अंगठा हवा. तेवढा मिळाला की फाइल बंद. दुभाषी म्हणून मी बरोबर गेलो.

सुपडू आबा आम्हाला घरी न बसवता थेट शेताच्या बांधावर घेऊन गेले. त्या भागात माणूस अवचित गेला की दगडावर घोडेस्वार कोरून बांधावर उभा करतात. आबा एरवी लोकांच्या जात्यांना टाकी लावून द्यायचे, त्याच छिन्नीने त्यांनी हे काम केलं होतं. सहा दगड रोवलेले, सहा घोडे, त्यांवर सहा जण. प्रत्येकाच्या डोक्याला मुंडासं.

साहेबाने टोपी काढली. मग मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, ये तो हवाई जहाजवाले थे, घोडा क्यों?

"त्यानीच तं पाडात त्यासले," आबा म्हणाले. त्या विमानानेच तर पाडलं ना त्यांना.

पलीकडे बाभळीला टेकवून सातवा दगड ठेवला होता, अजून न रोवलेला. घोडा खोगीर घालून तयार. वर कोणी नाही.

साहेब त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. कागद त्याच्या हातातच होता. हा का रोवला नाही, असं त्याने मला विचारायला सांगितलं.

आबा म्हणाले, "याले घर जानं शे. त्यानं गाव कोनती बाजूले शे ते साहेबले ईचार. तिकडे तोंड करीसन रोवसू."

त्याचं गाव कुठल्या दिशेला ते विचारताहेत, घोड्याचं तोंड तिकडे करून रोवायचाय, असं मी साहेबाला सांगितलं. साहेबाने कागदाची घडी करून खिशात घातली. होकायंत्र काढलं, सूर्याकडे पाहिलं आणि सातपुड्याच्या डाव्या टोकापलीकडे हात केला.

आबांनी त्या दिशेला डोळे बारीक करून पाहिलं. "दूर शे का?"

"बहुत दूर," साहेब म्हणाला.

आबा खाली बसले. दगडातल्या घोड्याच्या पायांवरून त्यांनी वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

"मंग हाऊ घोडा पोचाव नही, साहेब. दुसरा कोरसू."