प्रोफेसरला न सांगितलेले एकोणीस दिवस

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. बर्गनमध्ये बावीस वर्षं इंजेरा विकतेय, कालची भाकरी आजची म्हणून कितीदा खपवली असेल. पण प्रोफेसर गेताहुनच्या तोंडावर जे खोटं बोलले ते अजून घशाखाली उतरत नाही.

गेताहुन आमच्या इथिओपियाचाच, देब्रे बेरहानकडचा. थंड माळ, मेंढरं आणि बार्ली. इथल्या विद्यापीठानं त्याला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. मुलांना शिकवायचं आणि आमची बार्ली नॉर्वेच्या गारठ्यात टिकते का ते बघायचं. बियाणं त्यानं आईच्याच शेतातलं आणलेलं. एवढा प्रोफेसर, पण दर गुरुवारी दुकानात येऊन माझी बोलणी खायचा. मला एतिये म्हणायचा, म्हणजे ताई.

"एतिये, आज इंजेरा जाड झालीय."

"मग तुझ्या विद्यार्थ्यांकडून पातळ करून घे! अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा झालास, एक भाकरी टाकता येत नाही."

"आईला सांगेन हं, तुम्ही मला काय काय बोलता ते."

"सांग की. ती वर आणखी दोन घालेल."

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी त्याची आई गेली. भावानं फोन त्याला केला नाही, गाशे तेसेमांना केला. गाशे म्हणजे दादा; आमच्यातले सगळ्यांत वडील. आमच्यात मरणाची बातमी फोनवर देत नाहीत, परदेशात एकट्या राहणाऱ्याला तर नाहीच नाही. वडीलधारी माणसं पहाटे दार वाजवतात, सोबत भाकरी आणि कॉफी घेऊन. ऐकणारा एकटा पडू नये म्हणून. रीत चांगली आहे. मीही अशा कितीतरी दारांत उभी राहिलेय.

पण भाऊ म्हणाला, थांबा. तिसऱ्या शुक्रवारी गेताहुनला दोन वर्षांचं काम मोठ्या समितीपुढे मांडायचं होतं. मधेच उठून आला तर सगळ्यावर पाणी. आईला तर त्याच दिवशी पुरलं, आता धावून काय मिळणार? चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला पोचला म्हणजे झालं. गाशेंनी आम्हा आठ जणांना बसवून शपथ घातली.

"आणि त्याला कळलं तर?" मी विचारलं.

"तू तोंड उघडलंस तरच कळेल. तुझ्या जिभेला हाड नाही, येशी. तूच सांभाळ."

गुरुवारी तो आला.

"आईचा फोनच लागत नाही हो. भाऊ म्हणतो, गुडघ्यांसाठी पवित्र झऱ्यावर जाऊन राहिलीय. तिकडे रेंज नसते ना?"

"नसते," मी म्हणाले.

मग त्यानं पिशवीतून दोन लोकरीच्या शाली काढल्या, एक राखाडी, एक लाल. एक ठेवून दुसरी परत करायची होती. "आईला कुठली शोभेल?"

"राखाडी."

"ती म्हणेल, म्हातारी समजतोस का मला!"

"मग लाल घे बाबा, लाल घे."

त्या दिवशी मी त्याच्या पिशवीत दोन इंजेरा जास्त टाकल्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. "एतिये, आज शिव्या नाहीत? बरं नाही का तुम्हाला?" मी कपाळ दुखतंय म्हणाले आणि आत पिठाच्या पोत्यावर बसून रडले. बाहेर तो गिऱ्हाइकांना सांगत होता, थांबा जरा, ताईंना बरं नाहीये.

मी गाशेंना फोन लावला. "आई त्याची मेलीय! तुम्ही आणि त्याचा भाऊ कोण ठरवणार त्यानं कधी रडायचं ते?"

"सख्ख्या भावाचा शब्द आहे, येशी. तो मोडणारे आपण कोण?"

खरंच, मी कोण? भाकरी विकणारी बाई. पुढच्याही गुरुवारी गप्प बसले. त्याच्या पुढच्याही.

शुक्रवारी संध्याकाळी त्याचाच फोन आला. आवाज नुसता नाचत होता. "एतिये, सगळे उठून उभे राहिले! आणखी तीन वर्षं काम मिळालं. पहिलं आईला सांगायचं होतं, पण तिचा फोन लागेना, म्हणून तुम्हाला सांगतोय." मी म्हणाले, देव भलं करो. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी त्याला झोपू दिलं. रविवारी पहाटे आम्ही नऊ जण काळे कपडे घालून त्याच्या दारात उभे राहिलो. त्यानं दार उघडलं. अशा दारांत तोही उभा राहिलेला माणूस, त्याला काय सांगायचं? तो मागे सरकला आणि हळूच म्हणाला, "आत या."

गाशेंनी सांगितलं. आम्ही बायकांनी हंबरडा फोडला. तो रडला नाही.

"कधी?"

गाशेंनी मान खाली घातली. "परवा तीन आठवडे होतील."

तो टेबलाकडे गेला आणि कामाची डायरी घेऊन आला. दिव्याखाली धरून पानं मागे मागे उलटत गेला.

"मंगळवार. दोन ते चार वर्ग. त्या दिवशी मी मुलांना आमच्या मेंढ्या बार्लीत घुसल्याची गोष्ट सांगितली होती. खूप हसली मुलं." त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "मीही हसलो."

"बस बाळा," गाशे म्हणाले.

"बुधवार. संध्याकाळी पोहायला गेलो. नंतर मासे खाल्ले."

"गेताहुन, अरे राजा, नको ना रे," मी म्हणाले. डायरी काढून घ्यायला हात पुढे केला, पण त्याच्या हातातून ती ओढून घ्यायची माझी छाती झाली नाही. नऊ जणांपैकी कुणाचीच झाली नाही.

त्यानं पान उलटलं. अजून सतरा दिवस बाकी होते.