विचारण्याचे पैसे

ही हकिकत मी आजवर कुणाला सांगितली नाही. एवढी जुनी नोकरी का सोडलीत, असं मुलाने विचारलं तेव्हा गुडघे दुखतात म्हणालो. गुडघे तेव्हा ठणठणीत होते.

पालघरला एका वकिलाच्या ऑफिसात मी कारकून होतो. त्या दिवशी लाडकीबाय साहेबांच्या टेबलासमोर उभी होती. खुर्ची रिकामी होती, पण तिला बस कोणी म्हटलं नव्हतं. तिचा मुलगा बोईसरच्या एमआयडीसीत, एका केमिकल कारखान्यात, ठेकेदाराकडे कामाला होता. टाकी साफ करायला आत उतरला आणि आतच गेला. ठेकेदार म्हणत होता, हा माझा माणूसच नव्हे. भरपाईचा दावा साहेबांनी घेतला होता. पैसे नंतर, भरपाईतून कापून घेऊ म्हणाले होते.

लाडकीबाय मुलाबद्दल सांगू लागली. तो चालायला उशिरा लागला, तिथपासून. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या लोकांना वेळेची किंमत नसते. सांग हिला, तुमच्या भाषेत. हे चालू झालं की पैसे चालू."

कोपऱ्यातला ज्युनियर वकील हसला.

मी साहेबांपेक्षा वयाने मोठा होतो. तरी मला अरे-तुरे. मी डोंगरपट्ट्यातला, आमच्या पाड्यावरचा पहिला मॅट्रिक. ऑफिसात बसतो म्हणून पाड्यावर माझा मान होता. तो मान सांभाळायला मी अशी वाक्यं वर्षानुवर्षं गिळली होती. हे मात्र गिळलं नाही. सरळ पुढे पोचवलं.

"बाय, इथं बोललं का पैसे पडतात. कामापुरतंच बोल."

ती थांबली. मुलगा तिथेच राहिला, चालायला शिकत.

हे घड्याळाचं प्रकरण नवं होतं. आधी केसची फी ठरायची आणि तारखेला थोडा खर्च घ्यायचा. कोणी कोंबडी आणायचं, चिंचणीकडचं कोणी सुकट आणायचं. पालघर जिल्हा झाला, साहेबांनी नवं ऑफिस घेतलं, एसी लावला आणि मुंबईच्या मोठ्या वकिलांसारखं बिल सुरू केलं. वेळेप्रमाणे. एक मिनिट बोललं तरी बिलात पाव तास लागायचा. कारकुनाशी बोललं तरी लागायचा, फक्त दर कमी. साहेब एका गाडीतून एकदाच मुंबईला जात, पण पेट्रोल त्या दिवशीच्या प्रत्येक अशिलाच्या नावावर पडे. झेरॉक्स, टायपिंग, तिकिटं, शिपाई हे तर प्रत्येक फायलीत असायचंच. काम होवो न होवो. ते सगळं मी लिहायचो. माझं अक्षर चांगलं आहे.

लाडकीबायला मी व्हरांड्यात गाठून आणखी समजावलं. "काय झालं, काय झालं म्हणून इचारायला येऊ नको. उगाच आकडा वाढतो. तारीख असली का मी निरोप धाडीन."

"बरा सांगलंस दादा," ती म्हणाली.

घरी जाताना मला वाटलं होतं, आज आपल्या माणसाचं भलं केलं.

मुलगा त्या कारखान्यात जात होता याचा एकच पुरावा होता. गेटपास. मळकं कार्ड, त्यावर त्याचा फोटो आणि ठेकेदाराचा शिक्का. साहेब मला म्हणाले होते, "झेरॉक्स काढून घे. मूळ तिच्याकडेच राहू दे, साक्षीला आणील." तेव्हा कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात वीज गेली होती. पुढच्या खेपेला काढू म्हटलं आणि कार्ड तिला परत दिलं. बिलात मात्र झेरॉक्स लावली. सवयीने.

मग एके दिवशी दुपारी ती निरोप नसताना आली. बाहेरच्या बाकावर बसली. मी फायली घेऊन तिच्यासमोरून आत-बाहेर करत होतो.

"काय गं बाय?"

"काय नाय दादा. असंच."

ऑफिस बंद व्हायच्या सुमारास ती उठली. पदर खोचला आणि एसटी स्टँडकडे गेली. एकदा मला वाटलं, हाक मारावी. टेबलावर काम होतं.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात साहेबांनी हात पुढे केला. "गेटपास."

"नेला," ती म्हणाली.

"कोणी?"

"ठेकेदारानं. घरी आलता. पैसे द्यायला पास लागतो म्हणाला."

"द्यायच्या आधी विचारायचं नाही? तोंड शिवलं होतं का तुझं?" जिन्यातली माणसं वळून बघू लागली. "अडाणी ते अडाणीच. मरा."

तिने साहेबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. साक्षीदाराकडे बघावं तसं.

"इचारायलाच आलते. तो चार दिसांनी येतो सांगून गेलता. देऊ का नको, इचारायचं होतं. बाकावर बसले. पण इचारलं का पैसे पडतात ना. दादानी सांगलं."

साहेब म्हणाले, "झेरॉक्स काढ फायलीतून."

बिलात होती. फायलीत नव्हती.

दावा फेटाळला गेला. वरच्या कोर्टात जायचे पैसे वेगळे होते, आणि तिच्याकडे गवताच्या झोपडीशिवाय काही नव्हतं.

साहेबांनी मला शेवटचं बिल काढायला बसवलं.

"त्या दिवशीची जिन्यातली चर्चा पण धर."

"ती चर्चा नव्हती, साहेब."

"मग काय होतं?"

"शिव्या होत्या. आणि झेरॉक्स मी काढलीच नव्हती. ती बिलातून काढा."

"तुझ्या पगारातून काढू?"

"काढा."

ते हसले. "तुम्हाला वर आणलं की हे असं होतं."

मी पेन टेबलावर ठेवलं. कपाटाची किल्ली ठेवली. म्हणालो, "हे बिल मी लिहिणार नाही. तुमचं कुठलंच लिहिणार नाही." इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर मी खुर्चीवरून न विचारता पहिल्यांदा उठलो. त्यांनी मान वर केली नाही. संध्याकाळपर्यंत ज्युनियरने बिल लिहून टाकलं. माझ्यावाचून काही अडलं नाही.

ते बिल फेडायला लाडकीबाय चिंचणीला साहेबांच्या वाडीत गवत काढायला जाऊ लागली. हे कळल्यावर मी तिथे गेलो. माफी मागायची म्हणूनच गेलो. नारळाच्या आळ्यात ती बसली होती. मला बघून उठली, हात धुतले, तांब्याभर पाणी आणलं.

"तुजी नोकरी गेली म्हणं, दादा. माज्यापायी."

मी तांब्या हातात घेतला.

"तूच एक आपला व्हतास तिथं. तू सांगलंस म्हणून मी गप ऱ्हायले. नाय त आनखी पडले असते. तेवढे तरी वाचले."

त्यानंतरच्या पावसाळ्यात ती वारली. बिल तेव्हाही फिटलं नव्हतं.

आता आमच्या भागातलं कोणी वकिलाकडे निघालं की मी सोबत जातो. फी कशाची, प्रवास किती जणांच्या नावावर लावला, नक्कल काढली असेल तर दाखवा. हे मी विचारतो. पावती मागतो. म्हातारा डोक्यावर पडलाय म्हणतात. बाहेर काढतात. मी परत जातो. यातून काही फारसं सुधारलेलं नाही, सुधारेल असं वाटतही नाही. तरी पाय चालतात तोवर विचारत राहणार, आणि आपल्या कुठल्याही माणसाला गप्प बस म्हणून सांगणार नाही.

चिंचणीला त्या दुपारी जे सांगायला गेलो होतो ते एवढंच होतं: बाय, काय वाचलं नाय. साहेबानं तुला लुटलं, पण तुजं तोंड मी बांधलं. कार्डाची नक्कल मी काढली नाय. माजं चुकलं.

मी पाणी प्यालो. एसटीची वेळ झाली म्हणालो, आणि उठलो.