आईनं पाठ फिरवून शिजवलेली अंडी

मी गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो आणि माझ्याच घरात चहाला दूध नव्हतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. गावची झाडून सगळी जनावरं चारा छावणीवर गेलेली. संस्थेतलं फॅट काढायचं यंत्र कापड पांघरून बसलेलं. मी रोज कुलूप उघडायचो, झाडून काढायचो आणि परत कुलूप लावून घरी यायचो.

त्यात बायकोला सहावा महिना. आधीचं एक बाळ सातव्यात गेलेलं, त्यामुळे ती नुसती शिंकली तरी मला धस्स व्हायचं. पाटोद्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त फार कमी आहे. दूध नाही तर रोज दोन अंडी द्या. सांगायला काय जातंय! आमचं घर लिंगायत वाण्याचं. अंडं हा शब्दसुद्धा आम्ही चपलेसारखा बाहेरच काढून ठेवायचो.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "गोठ्यात कर. भांडं आपलं नको. अन् शिजवणारा असो का खाणारा, अंघोळ केल्याबिगर घरात यायचं न्हाई."

मी लगेच हो म्हणालो. टँकर आठवड्याला येतो आणि तो येऊन पाच दिवस झालेत, हे डोक्यातच आलं नाही. शेजारणीनं जर्मनचं पातेलं आणि ताट दिलं, अंडी दिली, वर पोटभर हसूनही घेतलं.

रिकाम्या गोठ्यात तीन दगडांची चूल मांडली. बायको खुंट्याला टेकून बसली. तिनंही जन्मात अंडं खाल्लं नव्हतं. तिला अंड्यातलं काही कळत नव्हतं, मला स्वयंपाकातलंच काही कळत नव्हतं. आई मागच्या दारात आमच्याकडे पाठ करून बसली. आत जाते म्हणाली होती, गेली मात्र नाही.

मी कांदा टाकला.

"जळाला," पाठमोरी आई म्हणाली. "जाळ कमी कर."

कांद्यावर रश्श्यापुरतं पाणी घातलं. अंडी उकडायला आणखी तांब्याभर ओतणार, तोच पुन्हा, "कावून रं? आपल्याकडं पानी लई झालंय का? तशीच फोड की रश्श्यात!"

जिनं आयुष्यात अंडं हातात धरलं नाही ती बाई मला अंडी करायला शिकवत होती, आणि बरोबर शिकवत होती. मला भयंकर राग आला. रस्सा पातळ झाल्याचं तिला कशावरून कळलं कोण जाणे, पण ती उठली आणि येसराचा डबा घेऊन आली. धान्य-मसाले भाजून दळलेलं हे पीठ सणावारी आमटीला लावायचं. एरवी त्या डब्याला ती कुणाला हात लावू देत नसे. माझ्या तळहातावर तिनं वरूनच मूठभर येसर सोडलं, मला न शिवता, आणि परत पाठ करून बसली.

कालवण दाटलं. बायकोनं पहिला घास नाक धरून घेतला, दुसरा नुसताच घेतला आणि मग आणखी भाकरी मागितली. महिन्याभरात तिनं स्वतःहून काही मागितलं नव्हतं. मला रडूच आलं. धूर होता म्हणून निभावलं.

"संपलं का?" आईनं विचारलं.

संपलं होतं. मग कुठं तिघांच्याही ध्यानात आलं. रांजण तळाला गेलेला. अंघोळ कशानं करायची? आणि रोज अंडी म्हणजे रोज दोघांची अंघोळ! बायको ताट धरून उभी राहिली.

"मी हितंच पडते," ती म्हणाली. "अन् उद्यापासून नकोत अंडी, आत्या."

आई वळली. पुसून काढल्यासारखं लख्ख झालेलं ते ताट तिनं बघितलं, मग सुनेचं पोट बघितलं.

"तू आत ये."

"पर अंघोळ?"

"तू कुठं खाल्लंस? पोटातल्यानं खाल्लं. त्याला अजून सोवळंवोवळं काय कळतंय? ये, जपून ये."

तिनं हात पुढे केला आणि सुनेचा हात धरून तिला घरात घेतलं. त्यांच्या मागोमाग मीही पाय उचलला.

"तू कुठं निघालास?"

"अगं, मी तर चाखलंसुद्धा नाही!"

"शिजवलंस की. टँकर येईस्तोवर बस तिथंच. अन् उद्या कांदा बारीक चिर."