मिठागरावरची वरात

नवघरच्या मिठागरांकडे मोकाट फिरणारे घोडे वाचवायला आम्ही निघालो आणि किस्सेच गोळा करत बसलो. आता चहाला भेटलो की प्रत्येकाला आपलाच आधी सांगायचा असतो.

हे घोडे वरातीतले, घोडागाडीचे. कामातून गेले तसे मालकांनी खाडीकडे सोडून दिले. तिथे त्यांना शिंगरं झाली, ती तर माणसाच्या हाताला कधी लागलेलीच नाहीत. एकदा जैन भाभींच्या मिस्टरांची स्कूटर घोड्यावर आदळली, त्यांचा पाय मोडला. सोसायट्यांची मीटिंग बसली. भाभी म्हणाल्या, "इंजेक्शन देके खतम करो." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

आमचा पेडणेकर उठला. "आपण पण गिरगावात परवडेना म्हणून इकडे आलोय. आपल्याला कुणी इंजेक्शन दिलं का?"

घोड्यांसाठी घरं शोधायला आम्हाला रविवारपर्यंत मुदत मिळाली.

*

पेडणेकरने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, "स्वभाव लाजाळू, खाणं साधं, चांगलं घर हवं." एका बाईंचा लगेच फोन, "पत्रिका बघता का?"

पण वाडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचाही फोन आला. सगळे घेतो म्हणाला. मी विचारलं, काम काय देणार? "काम कशाला? माळ पडलाय रिकामा. फिरू देत की."

*

नवघरच्या हिराबाईंची माठाची भाजी या घोड्यांनी साफ केली होती. तरी त्या रोज टब भरून पाणी ठेवायच्या. मी म्हटलं, राग नाही आला?

"आला ना. पन खाडीचं खारं पानी कोन पिईल? त्यांना काय तहान न्हाय?"

मग त्यांनी मला पांढरी घोडी दाखवली, कळपातली सगळ्यात म्हातारी. शिंगरं पिऊन होईपर्यंत ती बाजूला उभी राहायची. तळाला उरेल ते शेवटी प्यायची. एवढ्या तहानेत एवढा धीर मी माणसातही पाहिलेला नाही.

*

रविवारी टेम्पो आले. पाणी आणि चारा दाखवल्यावर बाकीचे सगळे चढले, शिंगरं आयांच्या मागोमाग. पांढरी मात्र जवळ येईना. गाजर झालं, गूळ झाला. पेडणेकर दोर घेऊन धावला आणि कमरेपर्यंत चिखलात गेला. ऊन उतरायला लागलं. ही राहिली तर हिचं इंजेक्शन ठरलेलं.

*

तेवढ्यात बांधावरून जैन भाभी आल्या. डोक्यावर पदर, हातात ताट, ताटात भिजवलेली चणाडाळ.

"गाजर लेके घूम रहे हो! बारात की घोड़ी है. दूल्हे की बहन दाल खिलाती है, तभी चलती है."

त्यांनी ताट पुढे धरलं. पांढरी आली, डाळ खाल्ली आणि मान खाली घालून उभी राहिली. भाभींनी तिच्या गळ्यात हळूच दोर घातला.

ती दोन पावलं चालली आणि थांबली. आम्ही ओढलं, चुचकारलं, हलेना.

"सामने कोई नाचो," भाभी म्हणाल्या.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग स्वतःच्या मुलाच्या लग्नात खुर्ची न सोडलेला पेडणेकर, चिखलाने माखलेला, दोन्ही हात वर करून नाचायला लागला. घोडी पुढे निघाली. तो दमून थांबला की ती थांबायची. मग हिराबाई आल्या, मग मी. शेवटी ताट बांधावर ठेवून भाभी आल्या.

टेम्पोपर्यंत अशीच वरात गेली. बँड कुठेच नव्हता, घोडी मात्र ठेक्यात चालत होती.