स्वयंपाकघराच्या दाराशी हौद

आमच्या चिंचवडच्या घरात आईने आयुष्यात एकच गोष्ट स्वतः निवडली, ती म्हणजे पावसाच्या पाण्याच्या हौदाची जागा. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. पवनेचा घाट चढून घागरी वाहता वाहता तिची कंबर कामातून गेली होती. वैद्यांनी ओझं उचलू नका म्हणून बजावलं, तेव्हा कुठे वडिलांना जाग आली. ते देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून. तिथल्या लिलावातली लोखंडी टाकी आणायचं त्यांनी मनात घेतलं.

"तिला गंज चढंल, भाऊसाहेब," मिस्त्री म्हणाला. म्हणून विटांचा हौद ठरला. पत्र्यावरचं पाणी पन्हळीतून त्यात पडणार आणि हातपंपाने वर येणार.

"माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशीच हवा," आई म्हणाली. मिस्त्रीने तिला शेजारी उभं करून पंपाच्या दांड्याची उंची ठरवली. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती.

पंप बसवायच्या दिवशी मिस्त्री एका चकतीला तेल चोळत बसला होता. वडिलांची थोरली बहीण, आमची विधवा आत्या, सोवळ्यात तिथून जाताना थबकली.

"हे काय रे?"

"वायसर हाय, आत्याबाई. चामड्याचा. त्याबिगर पानी वर चढत न्हाई."

झालं! पंपाची नळी हौदात बुडणार, म्हणजे सगळा हौदच बाटला. प्यायला, स्वयंपाकाला, देवाला नदीचंच पाणी हवं. मळ्यातली भाजी चामड्याच्या मोटेच्या पाण्यावर पिकायची, ती मात्र आत्याला चालायची. वडिलांना हे ठाऊक होतं. तरी मान खाली घालून ते एवढंच म्हणाले, "अक्का म्हणते तर राहू दे." आई पुन्हा घाट चढू लागली. वडील पंपाच्या पाण्याने सायकल धूत आणि आल्यागेल्याला कौतुकाने दांडा हलवून दाखवत.

काही वर्षांनी आत्या गेली. दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी आईने पहिल्यांदाच पंपाच्या पाण्याचा चहा केला. वडिलांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला.

"नदीचं नाही वाटतं?"

"वन्सं आता नाहीत," आई हळूच म्हणाली.

"ते खरं गं. पण मला हे पाणी नाही चालायचं आता. नदीच्या पाण्याचीच सवय झालीय."

आईने कोनाड्यातली चुंबळ घेतली आणि घागर उचलली. इतकी वर्षं मी ज्या आत्याच्या नावाने बोटं मोडली, ती निदान पहिल्याच दिवशी तोंडावर नाही म्हणाली होती.