नको म्हटल्यावर

पन्नाशीत मी वणीच्या क्लासात प्रोग्रामिंग शिकायला गेलो. पुण्याहून आलेल्या सरांनी पहिला लूप लिहायला सांगितला. प्रोग्रामनं पाहुण्याला ‘पोळी वाढू का’ असं पुन्हा पुन्हा विचारत राहायचं, तो नको म्हणाला की थांबायचं.

माझा प्रोग्राम थांबेचना. सरांनी चारदा ‘नको’ टाइप केलं, चारही वेळा पोळी वाढली गेली.

“सर, नको म्हटल्यावर आमच्या इकडं कोणी थांबते काय?” मी म्हणालो.

सरांनी शून्य दिलं. मला ते झोंबलं. रविवारी मी त्यांना घरी जेवायला बोलावलं.

तिसऱ्या पोळीला सर नको म्हणाले. पाचवीला त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. बायकोनं पोळी त्यांच्या हातांवरच ठेवली.

सोमवारी सरांनी माझं शून्य खोडलं.